सीडी रिपिंग

सीडी रिपिंग म्हणजे ध्वनी-सीडीवरील अंकीय ध्वनी वाचून तो संगणकावर संचिकांच्या स्वरूपात साठवण्याची प्रक्रिया होय. सीडीवरील ध्वनीत प्रत्येक वाहिनीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. त्यामुळे दोन वाहिन्यांच्या एका मिनिटाच्या ध्वनीस सुमारे १० मेगाबाइट जागा लागते.

संचिका-स्वरूपे

एमपी३ हे ऱ्हासयुक्त स्वरूप आहे. कानाला सहसा न जाणवणारा तपशील गाळून ते संचिका लहान करते. मात्र गाळलेला तपशील परत मिळवता येत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेले फ्लॅक हे मुक्त स्वरूप ऱ्हासरहित असून त्यात मूळ ध्वनी जसाच्या तसा राहतो. फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही तयार करता येत असल्याने जतनासाठी फ्लॅक अधिक योग्य ठरते.

सॉफ्टवेअर

ओरखड्यांमुळे वाचता न आलेले नमुने ड्राइव्ह अंदाजाने भरून काढू शकतो. अशी चूक ऐकताना लक्षात येईलच असे नाही. विंडोजवरील एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी व लिनक्सवरील सीडीपॅरानोया ही सॉफ्टवेअरे संशयास्पद भाग पुन्हापुन्हा वाचतात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये ॲक्युरेटरिप या विदागाराच्या साहाय्याने आपले वाचन इतरांच्या वाचनाशी ताडून पाहण्याचीही सोय आहे. सीडीचा परावर्तक थर कालांतराने खराब होऊ शकतो. त्यामुळे बाजारात पुन्हा न मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत ही पडताळणी विशेष महत्त्वाची असते.