चार सेकंदांत अख्खा नगर जिल्हा

क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आपला: 17,048 चौरस किलोमीटर. कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच. 2011च्या जनगणनेत अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंत घरोघरी फिरून 45,43,159 माणसं मोजली गेली. निरोगी प्रौढ माणसाची अस्थिमज्जा तेवढ्या न्यूट्रोफिल पेशी साधारण चार सेकंदांत घडवते. अख्ख्या महाराष्ट्राएवढ्या व्हायला दीड मिनिटाच्या थोडं वर लागतं. जगातल्या 800 कोटी माणसांची बरोबरी दोन तासांच्या आत होते.

न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींमधली सर्वांत मोठी फौज, जिवाणू शिरले की आधी धावून जाणारी. दिवसाला सुमारे 10,000 कोटी तयार होतात, असा अंदाज आहे. काचपट्टीवर एकीचा व्यास 12 मायक्रॉन धरला आणि दिवसभराच्या साऱ्या एका रांगेत लावल्या, तर रांग 1,200 किलोमीटरची होईल. नगरहून पुण्याला पाच वेळा जाऊन यावं एवढी, आणि तीही रोज!

मला यापेक्षा जास्त थक्क करतो तो मुळाचा आकडा. 2018 साली एका निरोगी, 59 वर्षांच्या माणसाच्या पेशींमधले जनुकीय बदल तपासून संशोधकांनी हिशेब मांडला: रक्त घडवण्याच्या कामात असलेल्या मूळ पेशी फक्त 50,000 ते 2 लाख. नगर शहराचीच लोकसंख्या 2011 मध्ये साडेतीन लाख होती. शिवाय या मूळ पेशी स्वतः क्वचितच विभागतात, महिनोन्‌महिने शांत असतात. आकडा फुगतो तो पुढच्या पिढ्यांत. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं 20 वेळा झालं की एका पेशीच्या दहा लाखांवर होतात.

मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट या टप्प्यांपर्यंत विभाजन चालतं. जिवाणूंना मारणाऱ्या रसायनांचे कणही याच काळात पेशीत भरले जातात. मग विभाजन थांबतं. मेटामायलोसाइटमध्ये गोल केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखं वाकतं, पुढे पट्टीसारखं होतं आणि शेवटी त्याचे तीन ते पाच खंड पडतात. या सगळ्याला दहा ते चौदा दिवस लागतात.  

दोन आठवडे घडलेली न्यूट्रोफिल रक्तात मात्र जेमतेम काही तास असते. एका घन मिलिमीटरला 4,000 धरल्या, तर पाच लिटर रक्तात एका वेळी 2,000 कोटी होतात. रोजचं उत्पादन त्याच्या पाचपट! मज्जेत याहून कितीतरी मोठा तयार साठा राखीव असतो, पण सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टात तो दिसत नाही. रस्त्यावरच्या मालमोटारी मोजून साखर कारखान्याचं गोदाम कळत नाही, तसंच हे.

हा साठा कामी येतो तो केमोथेरपीत: तिचा मार बसतो तो मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर. विभाजन आटोपलेल्या बचावतात आणि काही दिवस रक्तात येत राहतात. म्हणून ‘पेशी उतरतात’ त्या पहिल्या दिवशी नव्हे, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. नेमका तेव्हा पेशंट घरी असतो आणि ‘डोस चांगला सोसला’ म्हणून सगळे निर्धास्त असतात. पेशी वाढवायचं जी-सीएसएफचं इंजेक्शन मज्जेतलं काम वेगानं उरकायला लावतं, तरी मधले टप्पे गाळता येत नाहीत.

न्यूट्रोफिलचा आकडा घन मिलिमीटरला 500च्या खाली गेला की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. तेव्हा घरात कुणाची केमो चालू असेल आणि ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले, तरी गाडी काढा आणि दवाखाना गाठा.