सरकत्या खोलीला आधार हवा का?

अमेरिका व कॅनडा या देशांत सुट्टीच्या दिवसांत घरच सोबत घेऊन प्रवासाला निघण्याची पद्धत चांगलीच रूढ आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या या चाकांवरच्या घराला तिथे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. आत झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर असे सारे असते. पण रस्त्यावरून जायचे तर रुंदीवर मर्यादा येते. अमेरिकेत ती साधारण साडेआठ फूट, म्हणजे सुमारे २.६ मीटर आहे. मुक्कामाच्या ठिकाणी ही जागा अपुरी पडते. त्यावरची युक्ती अशी की, भिंतीचा एक भाग आपला तळ आणि छप्पर यांसह टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकवायचा. या सरकत्या खोलीला ‘स्लाइड-आउट’ म्हणतात. १९९० च्या दशकापासून तिचा बराच प्रसार झाला.

खोली बाहेर काढली की ती हवेत अधांतरी राहते. मग तिच्याखाली जमिनीवरून जॅक लावावेत का? असे जॅक बाजारात मिळतात. अनेक उत्पादक मात्र ते लावू नका असे सांगतात. साहजिकच प्रश्न पडतो की, एक आधार जास्त दिला तर बिघडणार काय? या प्रश्नाचे उत्तर तरफेच्या नियमातून मिळते, आणि ते ट्रेलरपुरतेच मर्यादित नाही.

बाहेर आलेली तरफ

खोलीच्या तळाखाली रूळ असतात आणि त्यांचा काही भाग ट्रेलरच्या सांगाड्यात अडकलेला राहतो. सोयीसाठी काही आकडे धरू. बाहेर आलेल्या भागाचे वजन ३०० किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ६० सेंटिमीटर बाहेर आहे. रुळाचे आतले टोक भिंतीपासून १२० सेंटिमीटर आत धरून ठेवले आहे. ही सरळ सरळ तरफ झाली. भिंतीखालची कड हा तिचा टेकू. बाहेरचे वजन आतले टोक वर उचलू पाहते, आणि सांगाडा ते खाली दाबून धरतो. बल गुणिले टेकूपासूनचे अंतर, म्हणजेच आघूर्ण, दोन्ही बाजूंना सारखे हवे:

३०० × ६० = १५० × १२०

म्हणजे आतले टोक १५० किलो भाराने दाबून धरावे लागते आणि टेकूवर ४५० किलो भार येतो. या खोलीत एकूण १५० किलो वजनाची दोन माणसे गुरुत्वमध्याच्याच जागी झोपली, तर आतल्या टोकावरचा भार १५० वरून २२५ किलो होईल. हा हिशेब रचना करणाऱ्याला आधीच करावा लागतो. आपल्या इमारतींतला पुढे आलेला सज्जासुद्धा याच हिशेबावर उभा असतो, त्याच्या टोकाखाली खांब नसतो.

जॅक किती भार घेईल?

आता बाहेरच्या कडेखाली, टेकूपासून ९० सेंटिमीटरवर, जॅक लावू. तो किती भार उचलेल? इथे अडचण येते. दोन आधार असताना वजन आणि आघूर्ण यांच्या दोन समीकरणांतून दोन्ही भार निघतात. तिसरा आधार आला की अज्ञात राशी तीन होतात, समीकरणे मात्र दोनच राहतात. तीन पायांचे स्टूल कोणत्याही फरशीवर डगमगत नाही, चार पायांचे डगमगते, त्यामागेही असेच कारण आहे. कोणता पाय किती भार घेईल हे मग पायाची लांबी आणि फरशीचा चढउतार यांवर ठरते, आणि तिथे मिलिमीटरलाही महत्त्व येते.

जॅकने २०० किलो भार घेतला की २०० × ९० = १८,०००, म्हणजे बाहेरच्या वजनाचे सारे आघूर्ण त्यानेच पेलले. आतल्या टोकावर काहीच भार उरला नाही. जॅक याहून जास्त रेटला, तर आतल्या टोकावर उलट्या दिशेने दाब येऊ लागेल, आणि यंत्रणा त्यासाठी केलेली असेलच असे नाही.

असा जादा रेटा कोण देणार? खुद्द ट्रेलरच. तो स्प्रिंगांवर आणि हवा भरलेल्या टायरांवर उभा असतो. माणसे आत आली, पाण्याची टाकी भरली, की तो थोडा खाली बसतो. जॅक मात्र जमिनीवर असल्याने जागचा हलत नाही. समजा, खोलीची कड ५ मिलिमीटर वर ढकलायला १०० किलो बल लागते. मग जेमतेम टेकवलेल्या जॅकवर ट्रेलर एक सेंटिमीटर खाली बसला, तरी ढोबळमानाने २०० किलोचा रेटा तयार झाला! खोली किंचित तिरपी होते, रबरी पट्ट्या सगळीकडे सारख्या टेकत नाहीत, पावसाचे पाणी आत झिरपते, सरकवण्याच्या यंत्रणेवर ताण येतो. उलट, पावसाने जॅकखालची माती ५ मिलिमीटर खचली, तर जॅक नुसताच उभा राहतो आणि भार काहीच घेत नाही.

ट्रेलरच्या चार कोपऱ्यांचे जॅक वेगळे. ते सांगाड्यालाच जोडलेले असतात आणि माणसे चालताना ट्रेलर हलू नये एवढेच त्यांचे काम असते.

गॅलिलिओचा खांब

हा धडा जुना आहे. गॅलिलिओने १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन नव्या शास्त्रांवरच्या ग्रंथात एका संगमरवरी खांबाची हकिगत दिली आहे. खांब आडवा ठेवला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली आधार होते. मधोमध मोडू नये म्हणून एकाने तिथे तिसरा आधार द्यायचे सुचवले आणि ते सर्वांना पटले. काही महिन्यांनी खांब नेमका त्या नव्या आधारावरच तडकला! एका टोकाचा आधार कुजून खचला होता, मधला मात्र पक्का राहिला होता. खांबाचा अर्धा भाग अधांतरी लोंबकळला. आधार दोनच असते तर एक खचल्यावर खांब नुसता त्याच्यासोबत खाली आला असता.

वर्गात करून पाहा

एक जाड, सरळ लाकडी फळी दोन षट्‌कोनी पेन्सिलींवर ठेवा. फळी आणि प्रत्येक पेन्सिल यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून ती हळूच ओढा. दोन्ही पट्ट्या घट्ट धरलेल्या आढळतील. आता मध्यभागी तिसरी पेन्सिल ठेवा आणि तिच्याखाली पोस्टकार्डाचे दोन तुकडे सरकवा. मधली पट्टी घट्ट होईल आणि एका टोकाची सहज निसटेल. एवढ्याशा जाडीने सारी भारवाटणी बदलते.

मग करावे काय?

उत्पादकाच्या सूचनापुस्तिकेत आधार देऊ नये असे असेल, तर देऊ नये. तो सांगितलाच असेल, तर जॅकखाली रुंद फळी ठेवावी, तो फक्त टेकवावा, त्याने खोली उचलू नये. ट्रेलरमधले वजन बदलल्यावर आणि पाऊस पडून गेल्यावर तो पुन्हा तपासावा. खोली आत घेण्यापूर्वी जॅक आठवणीने काढावा. आणि खोली मुळातच खाली झुकू लागली असेल, तर दोष रुळात किंवा सांगाड्यात शोधायला हवा. जॅकने तो झाकला जाईल, दुरुस्त होणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न: वरच्या उदाहरणात जॅक ९० ऐवजी ६० सेंटिमीटरवर लावला, तर आतले टोक पूर्ण सैल पडायला त्याने किती भार घ्यावा लागेल? त्या वेळी भिंतीखालच्या टेकूवर किती भार उरेल? उत्तर काढल्यावर जॅक नेमका कशाखाली आला आहे ते पाहा.