आल्प्समधील जुनी लाकडी घरे

मुलांनो, एकही खिळा न ठोकता घराची भिंत उभी करता येईल का? आल्प्स पर्वतातील सुतारांना ही कला शेकडो वर्षांपूर्वीच साधली होती. ते स्प्रूस किंवा लार्च झाडाचे ओंडके तासत आणि एकावर एक आडवे रचत. कोपऱ्यात प्रत्येक ओंडक्याला खाच पाडलेली असे. खाचेत खाच बसली, की वरच्या वजनाने भिंत घट्ट होई. फटींत शेवाळ भरत, म्हणजे वारा आत येत नसे. गरज पडली तर ओंडके सुटे करून तेच घर दुसऱ्या जागी उभारता येई!

धान्याच्या कोठारांची गंमत तर आणखीच. झेरमाट गावात ती आजही दिसतात. कोठार लाकडी पायांवर उभे असते. पाय आणि कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखा गोल, चपटा दगड ठेवलेला असतो. उंदीर पाय चढून येतो, पण दगडाखालून उलटे लटकत कडेपर्यंत जाणे त्याला जमत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

स्वित्झर्लंडच्या मोर्शाख गावात 'टानेन' नावाचे घर आहे. ते १३४१ साली बांधले. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक होता! तुम्ही विचाराल, इतक्या जुन्या घराचे वय कसे कळते? झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. चांगल्या वर्षी ते रुंद, वाईट वर्षी अरुंद. ओंडक्यातील वलयांचा क्रम जुळवून झाड कोणत्या साली तोडले, ते शास्त्रज्ञ सांगतात.

मग अशी घरे ओस का पडली? छत ठेंगणे, खोल्या अंधाऱ्या, न्हाणीघर नाही. लोक नव्या घरांत राहायला गेले. रिकाम्या घराचे छप्पर गळू लागले, की लाकूड कुजते. दुरुस्तीला पैसा लागतो. काही घरे तर पाडूनच टाकली.

२००५ साली स्वित्झर्लंडमध्ये एक संस्था स्थापन झाली. ती अशी जुनी घरे दुरुस्त करते आणि सुट्टीसाठी भाड्याने देते. टानेनही आता असेच पाहुण्यांचे घर आहे. भाड्याचा पैसा घरांच्या देखभालीला उपयोगी पडतो. दुरुस्ती करताना कुजलेला भागच कापून काढतात आणि तिथे तशाच लाकडाचा तुकडा बसवतात. चांगल्या लाकडाला हात लावत नाहीत. न्हाणीघर, वीज मात्र नव्याने येते.

पाहुणे चार दिवस राहून जातात. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाची जागा ते घेऊ शकत नाहीत, हे खरे. पण शेकोटी पेटते, खिडक्या उघडतात, गळती लगेच कुणाच्या तरी लक्षात येते. ठेंगण्या दारातून आत जाताना उंच माणसाला अजूनही वाकावे लागते. जुन्या स्वयंपाकघराच्या भिंती धुराने काळ्या झालेल्या असतात. त्या काळ्याच ठेवतात, घासून पांढऱ्या करत नाहीत.