मंद लेसर किरणांची उपचारपद्धती

लेसर म्हटले की पोलाद कापणारा प्रखर किरण डोळ्यांसमोर येतो. या उपचारातील किरण मात्र इतका मंद असतो की त्वचेस ऊबही क्वचितच जाणवते. १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथील शल्यचिकित्सक एंद्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर माणिक-लेसरचा मंद झोत सोडला, तेव्हा इतर उंदरांपेक्षा त्यांचे केस लवकर उगवले. पुढे त्यांनी हे किरण बऱ्या न होणाऱ्या जखमांवर योजिले. पेशींतील तंतुकणिका तांबडा व अवरक्त प्रकाश शोषून घेतात आणि त्यामुळे ऊर्जानिर्मितीस चालना मिळते, असे मानले जाते.

कर्करोगावरील किरणोपचार व रसायनोपचारांत रुग्णाच्या तोंडात असे व्रण होतात की पाण्याचा घोटही घशाखाली उतरत नाही. ते टाळण्यासाठी विशिष्ट रुग्णांना हा उपचार देण्याची शिफारस २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. गुडघेदुखीबाबतचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. सर्व व्याधींवर रामबाण अशा जाहिरातींस तर काहीच आधार नाही. मात्रा अल्प झाल्यास गुण येत नाही, अधिक झाल्यास उलट परिणाम संभवतो. निदान न झालेल्या गाठीवर हे किरण घेऊ नयेत. यंत्र चालू असता रुग्ण व चालक या दोघांनीही संरक्षक चष्मा लावावा.