चाळिशीनंतर आइस हॉकी : गोलकीपर किंवा पंच होण्याआधी शरीराची तयारी

माझ्या दवाखान्यात रक्तदाबाच्या तपासणीसाठी येणाऱ्या एक काकू एकदा फोन हातात धरूनच आत आल्या. व्हिडिओ कॉलवर त्यांचा मुलगा होता. वय ४३, राहणार टोरांटोजवळ. "डॉक्टर, तुम्हीच सांगा याला. या वयात बर्फावर हॉकी खेळायचं खूळ घेतलंय."

मुलगा हसत होता. त्याची मुलगी हॉकी शिकते. तिला सोडायला जाता जाता तोही मोठ्यांच्या नवशिक्या गटात सामील झाला. गटात गोलकीपर व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्याने हात वर केला. "एका जागी तर उभं राहायचंय, डॉक्टर. आणि नाहीच जमलं, तर पंचाचा कोर्स करीन."

मी नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "किटची बॅग घेऊन जिना चढताना काही होतं का?" तो थोडा थांबला. "छाती जरा भरून येते. पण ती थंडीमुळे."

थंडीमुळे नव्हती. त्याचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगतो. परदेशात राहणारे अनेक मराठी पालक मुलांमुळे या खेळाकडे वळतात, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आणि इथे काळजी करत बसलेल्या त्यांच्या घरच्यांसाठी.

"एका जागी उभं राहायचं" हे खरं आहे का?

नाही. आइस हॉकीत बाकीचे खेळाडू साधारण मिनिटभर जोरात खेळतात आणि बाकावर येऊन बसतात. त्यांच्या जागी दुसरे उतरतात. सामना संपेपर्यंत हे चालू असतं. ही सोय बहुधा दोघांना नसते : गोलकीपरला आणि पंचाला. म्हणजे ज्या दोन जागा नवशिक्याला सोप्या वाटतात, तिथेच श्वास घ्यायला बाकावर बसता येत नाही.

गोलकीपरला सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोल अडवायचा असतो. त्यासाठी तो अंगावर कित्येक किलोंचं सामान चढवून अर्धवट वाकलेला राहतो, झटकन गुडघ्यावर बसतो आणि पुन्हा उठतो. एका सामन्यात हे कितीतरी वेळा होतं. पंचाला हा भार नसतो, पण तो सामनाभर स्केटिंग करत असतो, त्यातलं बरंच उलट दिशेने.

आधी तपासणी कोणी करून घ्यावी?

पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर किट विकत घेण्याआधी डॉक्टरांना भेटा :

- चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, भरल्यासारखं वाटणं, जबडा किंवा हात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणं
- श्रम करताना चक्कर किंवा बेशुद्धी
- उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल किंवा धूम्रपान
- आई, वडील किंवा भावंडांना कमी वयात हृदयविकार
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं
- गेली काही वर्षं व्यायाम अजिबात नसणं

भारतीय वंशाच्या लोकांमध्ये हृदयविकार तुलनेने लवकर दिसतो. त्यात थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. अचानक जोराचे श्रम आणि थंडी एकत्र आली की हृदयावर ताण पडतो. "ईसीजी नॉर्मल आला" एवढ्यावर समाधान मानू नका. विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल असूनही रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. त्रास कधी आणि काय करताना होतो, हे डॉक्टरांना नीट सांगा. गरज वाटल्यास ते ट्रेडमिल चाचणी किंवा पुढच्या तपासण्या सुचवतील.

भीती पकची, दुखापत खुब्याची

पक म्हणजे सुमारे १७० ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती. सगळ्यांना भीती तिची वाटते, आणि ती भीती रास्त आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माँट्रियलचा गोलकीपर जाक प्लांट याच्या चेहऱ्यावर पक बसला. टाके घातल्यावर तो मास्क लावूनच परत उतरला, आणि त्यानंतर मास्कची प्रथा रुळत गेली. आज मास्क, गळ्याचं संरक्षण, छातीचं चिलखत, पॅड आणि जांघेचं गार्ड नीट मापाचं असेल, तर पकपासून बराच बचाव होतो. गळ्याचं संरक्षण टाळू नका. तिथे धोका पकपेक्षा स्केटच्या धारदार पात्याचा असतो.

चिलखत ज्यापासून वाचवत नाही, ती गोष्ट म्हणजे गोलकीपरची बसण्याची पद्धत. तिला बटरफ्लाय म्हणतात. दोन्ही गुडघे जवळ आणून बर्फावर टेकायचे आणि पावलं बाहेरच्या बाजूला पसरायची. यात मांडीचं हाड खुब्याच्या सांध्यात आतल्या बाजूला वळतं. काहींच्या सांध्याची ठेवणच अशी असते, की हाडाला हाड लवकर अडतं. लहानपणापासून शिकलेल्याचं पाहून तसंच बसण्याचा हट्ट केला, तर सांध्याच्या कडेची कूर्चा दुखावू शकते.

घरी पाहण्याची सोपी पद्धत : पालथे झोपा, गुडघे जुळवून काटकोनात वाकवा आणि पावलं हळूच बाहेर सोडा. दोन्ही बाजूंत बराच फरक दिसला, किंवा जांघेत खोलवर दुखलं, तर जोर करू नका. प्रशिक्षकाला सांगा. अधिक वेळ उभं राहून अडवण्याची किंवा एकच गुडघा टेकण्याची पद्धतही असते.

बर्फावर जाण्याआधी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा हे व्यायाम करा :

- पाठीवर झोपून गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून धरणं
- पाठीवर झोपून कंबर उचलणं
- खुर्चीवर बसणं-उठणं, हळूहळू जास्त वाकून
- एका पायावर तोल सांभाळणं

जांघेत दुखत असताना खेळणं म्हणजे आठवड्याची दुखापत महिन्यांवर नेणं.

डोक्याला धक्का बसला तर

पडताना, गोलच्या खांबावर आदळून किंवा पक मास्कवर लागून मेंदूला धक्का बसू शकतो. त्यासाठी बेशुद्ध व्हावंच लागतं असं नाही. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, अंधुक दिसणं, गोंधळल्यासारखं वाटणं, प्रकाश सहन न होणं यांपैकी काहीही झालं, तर त्या दिवशी खेळ बंद. "एवढी मॅच संपवतो" हा हट्ट करू नका. पहिले एक-दोन दिवस तुलनेने विश्रांती घ्या, मग हलकं चालणं सुरू करा, आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच खेळाकडे परत या.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून जागं न होणं, झटका, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काही दिसलं तर ताबडतोब रुग्णालयात जा. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याने डोक्याला मार लागल्यावर लक्षणं नसली तरी लगेच तपासून घ्यावं.

दमा, मधुमेह आणि रात्रीचे सामने

रिंकमधली हवा थंड आणि कोरडी असते. दमा असलेल्यांना आणि कधी कधी दमा नसलेल्यांनाही खेळताना छातीतून सूं-सूं आवाज किंवा खोकला येतो. खेळण्याआधी इन्हेलर घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. बंद रिंकमध्ये बर्फ सपाट करणारं यंत्र गॅसवर चालत असेल आणि हवा खेळती नसेल, तर विषारी वायू साठू शकतात. एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी, मळमळ किंवा खोकला सुरू झाला, तर सगळ्यांनी बाहेर पडा आणि रिंकच्या लोकांना कळवा.

मोठ्यांच्या गटाला बर्फ अनेकदा रात्री उशिरा मिळतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर खेळानंतर झोपेत उतरू शकते. खेळण्याआधी आणि झोपण्याआधी साखर तपासा, बॅगेत ग्लुकोज ठेवा. पायांची संवेदना कमी असेल, तर घट्ट स्केटने पडलेला फोड कळत नाही. दर वेळी पाय पाहा. थंडीत तहान लागत नाही, पण सामानाच्या आत घाम निथळत असतो. पाणी पीत राहा.

पंच व्हायचं असेल तर

अमेरिकेत यूएसए हॉकी आणि कॅनडात हॉकी कॅनडाच्या प्रांतीय शाखांमार्फत नवीन पंचांना प्रशिक्षण मिळतं, आणि सुरुवात सहसा लहान मुलांच्या सामन्यांपासून होते. नियम पाठ होतात, पण पाय तयार व्हायला वेळ लागतो. न थांबता वीस मिनिटं पुढे-मागे स्केटिंग जमलं, की मगच शिट्टी हातात घ्या. हेल्मेट, डोळ्यांसमोरची काच, कोपर आणि नडगीचे गार्ड लागतात. आरडाओरडा ऐकून घ्यावा लागतो, त्याने रक्तदाब चढतो. गोळी चुकवून सामन्याला जाऊ नका.

डेव्हिड एअर्सचं उदाहरण

२२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत कॅरोलिना संघाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले आणि ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स बदली म्हणून उतरला. त्याने दहापैकी आठ फटके अडवले आणि कॅरोलिना ६-३ ने जिंकली. २००४ मध्ये त्याच्यावर किडनी प्रत्यारोपण झालं होतं. किडनी आईने दिली होती. आजार म्हणजे खेळ संपला असं नाही, हे यातून कळतं. पण तो नवशिका नव्हता, वर्षानुवर्षं सराव करत होता. प्रत्यारोपण झालेल्यांनी आपल्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे करू नये. बसवलेली किडनी ओटीपोटात असते, तिथे मार लागू शकतो.

घरच्यांनी काय करावं?

"नको" म्हणण्याऐवजी विचारा : तपासणी केलीस का? गोळ्यांची यादी बॅगेत आहे का? रिंकवर एईडी यंत्र कुठे आहे? आणि कोणी छाती धरून बसलं किंवा कोसळलं, तर आधी आपत्कालीन सेवेला फोन करायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता काकूंच्या मुलाबद्दल. माझं ऐकून तो तिथल्या डॉक्टरांकडे गेला. तपासणीत हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट बसवावा लागला. सध्या त्याची रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं चालू आहेत, त्यामुळे गोलपुढे उभं राहायला हृदयरोगतज्ज्ञांनी मनाई केली आहे. तो रोज चालतो. शनिवारी मुलीच्या सामन्यांना गुण आणि वेळ नोंदवायला टेबलावर बसतो, आणि पंचाचं नियमांचं पुस्तक वाचतो. परवा त्याने विचारलं, "डॉक्टर, परत कधी?"

मी सांगितलं, "तुमचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील तेव्हा. आणि त्याआधी किटची बॅग घेऊन जिना चढून दाखवा."