दख्खनच्या राणीचा मकबरा: ऐकीव आणि खरं

परभणीहून मनमाडकडे जाणारी गाडी मानवत रोड, सेलू, परतूर, जालना करत छत्रपती संभाजीनगरला पोहोचते. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला एखाद्या राणीची नक्षीदार समाधी पाहायची असेल, तर हाच सर्वांत जवळचा रस्ता. सहलीत मात्र दौलताबाद, वेरूळ, पाणचक्की आणि बीबी का मकबरा असं सगळं एकाच दिवसात कोंबलेलं असतं. मकबऱ्याच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो आणि त्या तासाभरात ऐकलेल्या गोष्टी माणसं जन्मभर सांगत राहतात. त्यांतल्या बऱ्याच अर्धवट असतात.

पहिली गोष्ट, इथे औरंगजेबाची ‘सम्राज्ञी’ झोपली आहे. दिलरसबानू बेगम ही औरंगजेबाची पहिली आणि प्रमुख पत्नी, इराणच्या सफवी राजघराण्यातल्या शाहनवाजखानाची मुलगी. लग्न झालं 1637 मध्ये. ती वारली ऑक्टोबर 1657 मध्ये, आणि औरंगजेब तख्तावर बसला 1658 मध्ये. म्हणजे नवऱ्याची बादशाही तिने पाहिलीच नाही. पाचव्या अपत्याच्या जन्मानंतर महिनाभरातच तिचा मृत्यू झाला. ते अपत्य म्हणजे शहजादा अकबर. पुढे 1681 मध्ये बापाविरुद्ध बंड करून छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला तो हाच. मराठी वाचकाला हा अकबर ठाऊक असतो, पण त्याची आई या घुमटाखाली आहे हे फारसं कुणी सांगत नाही. ‘रबिया-उद-दौरानी’ हा किताबही तिला मृत्यूनंतर मिळालेला.

दुसरी गोष्ट तर शाळेच्या वह्यांत उतरली आहे: मुलगा आझमशाह याने आईसाठी हा मकबरा बांधला. इथे साधी वजाबाकी करून पाहावी. आझमशाहचा जन्म 1653 चा, आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. बांधकाम 1661 च्या सुमारास पुरं झालं असं मानतात, तेव्हा तो आठ वर्षांचा. आठ वर्षांचं पोर कारागीर नेमत नाही की खजिना उघडत नाही. म्हणूनच अनेक अभ्यासक मकबऱ्याचं श्रेय औरंगजेबाला देतात. आझमशाहचं नाव पुढच्या डागडुजीशी जोडलं जातं. काम 1651 ला सुरू झालं असंही छापलेलं आढळतं, पण तेव्हा दिलरसबानू हयात होती.

खरी नावं प्रवेशद्वारापाशी आहेत. लाकडी दरवाजावर पितळेचा पत्रा मढवलेला आहे आणि त्यावर फुलावेलींची नक्षी उठवली आहे. तिथल्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावं कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाचा प्रमुख वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. गर्दी सेल्फीसाठी पुढच्या हौदाकडे धावते आणि दरवाजा मागे पडतो. गाइडने पाच मिनिटं तरी माणसांना तिथे थांबवायलाच हवं.

तिसरा समज ‘संपूर्ण संगमरवरी’ असल्याचा. संगमरवर आहे, पण खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधला भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, आणि त्यावर बारीक चुन्याचा गिलावा. भिंतीजवळ उभं राहिलं की दगड कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो ते डोळ्यांना दिसतं. त्या गिलाव्यातून उठावाने काढलेली फुलं, पानं आणि वेली हीच या वास्तूची खरी श्रीमंती आहे. संगमरवर लांबून आणावा लागे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या वाटेत पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे, त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते. मकबऱ्याचा खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाल्याची जुनी नोंद आहे. ताजचा खर्च कोटींत सांगतात. एवढ्या कमी पैशांत चुन्याकडून हे काम करून घेणाऱ्या हातांना ‘ताजची फसलेली नक्कल’ म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे.

असा गिलावा जपणं मात्र अवघड, आणि राणीच्या समाधीतलं हे दुखणं इजिप्तलाही चुकलेलं नाही. लक्सरजवळच्या राणी नेफरतारीच्या थडग्यातली, 1904 मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ शियापारेल्लीला सापडलेली चित्रंही गिलाव्यावरच आहेत. क्षारांचे स्फटिक आतून फुगून गिलावा सुटू लागला, तेव्हा 1986 ते 1992 या काळात त्यांचं जतन करावं लागलं. तिथे राणीसोबत परलोकासाठीच्या वस्तूही पुरल्या होत्या. इथे तसं काही नाही. सज्जातून खाली पाहिलं की अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत, खालच्या पातळीवर दिलरसबानूची कबर दिसते.

औरंगजेबही इथेच आहे असं समजून काही जण दुसरी कबर शोधत फिरतात. त्याची कबर खुलताबादला, झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली आहे. वेरूळला जाणारी गाडी खुलताबादवरूनच जाते, त्यामुळे ज्याला पाहायची आहे त्याला वाट वाकडी करावी लागत नाही.