पाकिटातला डीडी आणि ४१४१: नंबरप्लेटच्या लिलावातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो

पेट झाली की पहिला प्रश्न येतो, "विषय कोणता घेऊ?" आणि मग बहुतेक जण 'मराठवाड्याचा आर्थिक विकास: एक चिकित्सक अभ्यास' अशा मापाचं काहीतरी लिहून गाईडकडे जातात. गाईड म्हणतात, छोटं करा. छोटं म्हणजे किती छोटं? आज एक नमुना घेऊ.

जळकोट तालुका लातूर जिल्ह्यात, पण शेजारचे मुखेड आणि कंधार नांदेडचे. त्यामुळे इथल्या रस्त्यावर एमएच-२४ आणि एमएच-२६ दोन्ही दिसतात, आता उदगीरची एमएच-५५ सुद्धा. त्यात मधूनच ९९९९, ०७८६, ४१४१ असे नंबर. हे नंबर नशिबाने मिळत नाहीत, त्यासाठी पैसे मोजलेले असतात. किती मोजायचे हे कसं ठरतं, तिथून आपला विषय सुरू होतो.

पसंतीच्या क्रमांकाचं मूळ शुल्क शासन ठरवतं. ३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने ते वाढलं. चारचाकीच्या ०००१ साठी आधी ३ लाख होते, ते ५ लाख झाले. मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या जिल्ह्यांत ६ लाख. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ साठी चारचाकीला दीड लाखाचे अडीच लाख, दुचाकीला २० हजारांचे ५० हजार. नवीन सिरीज सुरू होताना मूळ शुल्काचा डीडी जोडून अर्ज करायचा. एकाच नंबरला एकच अर्ज आला तर विषय संपला. जास्त आले तर नावांची यादी नोटीस बोर्डावर लागते आणि प्रत्येकाने जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायचा. पाकिटं उघडतात, ज्याचा डीडी मोठा त्याला नंबर, बाकीच्यांचे डीडी परत.

लिलावाच्या सिद्धांतात याला पहिल्या किमतीचा बंद लिलाव म्हणतात: जिंकणारा स्वतः लिहिलेली रक्कमच भरतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समजा मूळ शुल्काच्या वर तो नंबर तुम्हाला ४० हजारांचा वाटतो. तुम्ही पाकिटात ४० हजार टाकाल का? टाकले आणि जिंकलात तर हाती काहीच उरत नाही. म्हणून माणूस कमी टाकतो. किती कमी, हे समोर किती जण आहेत त्यावर ठरतं. सगळ्यांच्या मनातल्या किमती शून्यापासून एका मर्यादेपर्यंत सारख्या पसरलेल्या आहेत असं सोपं गृहीत धरलं तर दोन जणांत हिशेब २० हजार सांगतो, पाच जणांत ३२ हजार. म्हणजे पाकिटातली रक्कम ही माणसाच्या मनातली किंमत नव्हे.

विल्यम विक्रे यांनी १९६१ च्या लेखात यावर उपाय मांडला: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम भरावी. मग खरी किंमत लिहिणंच फायद्याचं ठरतं. (१९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते वारले.)

मग आपली पद्धत जुनाट आहे का? मला तसं वाटत नाही. हरियाणात नोव्हेंबर २०२५ मध्ये एचआर ८८ बी ८८८८ या नंबरची ऑनलाइन बोली १ कोटी १७ लाखांवर गेली, देशभर बातम्या झाल्या. जिंकणाऱ्याने मुदतीत पैसेच भरले नाहीत. अनामत जप्त झाली, नंबर पुन्हा लिलावात. स्क्रीनवर आकडा वाढवायला काही लागत नाही. पाकिटातला डीडी मात्र बँकेत पैसे भरल्याशिवाय निघत नाही. आपल्याकडचा आकडा लहान असेल, पण तो भरलेला आकडा असतो, आणि संशोधकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता आधी कोणी काय केलंय ते बघू. हाँगकाँगमध्ये गाड्यांचे नंबर १९७३ पासून लिलावात विकतात. २०१० मध्ये ट्रॅव्हिस इंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या किमती तपासल्या. कँटोनीज भाषेत ८ चा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो, ४ चा मरणाच्या. साध्या चार अंकी नंबरात एक ८ जास्त असेल तर किंमत सरासरी ६३.५ टक्क्यांनी जास्त, एक ४ जास्त असेल तर ११ टक्क्यांनी कमी. नंबर दिसायला छान आहे म्हणून मिळणारा भाव त्यांनी आधी वेगळा काढला होता. तुम्ही हेच लातूरला जसंच्या तसं करू नका. तिथे उघड बोली असते, म्हणजे शेवटची किंमत दुसऱ्या माणसाच्या कमाल तयारीच्या आसपास थांबते. आपल्याकडे ती पाकिटाची असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'आपण कमी अंधश्रद्ध' असं लिहिलंत तर व्हायवात पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

आपला स्वतःचा प्रश्न ४१४१ मध्ये आहे. इंग्रजी आकडे जरा वळवले की तो 'दादा' वाचला जातो. २१४ चा 'राम', ४९१२ चा 'पवार'. हाँगकाँगच्या ८ ला उच्चाराची किंमत आहे, ४१४१ ला अक्षराच्या वळणाची. आणि हे वळण नियमात बसत नाही, प्लेटवर आकडे ठरावीक आकाराचेच हवेत. त्यात १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी आली. तिच्यावर आकडा वळवताच येत नाही. मग त्या तारखेनंतर ४१४१ ची किंमत उतरली का? त्याच शुल्क-गटातला, पण शब्द न होणारा नंबर तुलनेला घ्या. दोघांतलं अंतर आधी किती, नंतर किती, एवढंच मोजायचं. उतरली असेल तर लोक 'दादा' दिसण्याचे पैसे देत होते. तशीच राहिली असेल तर प्लेटवर साधा ४१४१ असला तरी गावाला 'दादा' वाचता येतो, आणि हा निकाल मला जास्त आवडेल. २०२४ ची शुल्कवाढ मात्र अशा तुलनेला चालणार नाही. वाढीचा मसुदा आधीच आला होता, त्यामुळे काहींनी घाई केली असू शकते.

एक अडचण पुस्तकात सापडणार नाही. सिद्धांतात स्पर्धक एकमेकांना अनोळखी असतात. इथे यादी बोर्डावर लागते आणि तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. चहावर बोलणं झालं आणि एकाने पाकीटच दिलं नाही, तर किंमत पडेल आणि तुम्हाला वाटेल मागणी पडली. म्हणून अर्ज किती आले आणि पाकिटं किती आली, हे दोन वेगळे रकाने ठेवा.

माहिती माहिती अधिकारात मागता येते. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत. नावं, पत्ते मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही. सिरीज, क्रमांक, वाहनाचा प्रकार, तारीख, मूळ शुल्क, अर्जांची संख्या आणि उघडलेल्या प्रत्येक पाकिटातली रक्कम मागा, हरलेल्यांचीसुद्धा. फक्त जिंकलेल्या रकमा मिळाल्या तरी अर्जांच्या संख्येवरून काम पुढे जातं. ज्या नंबरला एकच अर्ज आला ती ओळ मात्र 'किंमत = मूळ शुल्क' अशी भरू नका. त्या माणसाची तयारी तेवढी किंवा त्याहून जास्त होती, इतकंच तिथे कळतं.